व्हीगन माहितीपटांतले दावे सोसायटीच्या ग्रुपवर फिरतायत: कोणते खरे, कोणते ताणलेले? (आणि महाप्रसादाचा मेनू)

घोडबंदर_बी_विंग

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये (घोडबंदर रोड, ठाणे) लागोपाठ दोन रविवार व्हीगन आहारावरचे (म्हणजे मांसच काय, दूध-तूपही नाही) माहितीपट दाखवले. तेव्हापासून ग्रुपवर रोज सकाळी एक दावा येऊन पडतो आणि दुपारपर्यंत भांडण. एक बाजू म्हणते सिनेमात दाखवलंय म्हणजे खरंच, दुसरी म्हणते सगळं थोतांड. आकडा तपासून कोणीच बोलत नाही. सध्या फिरणारे दावे असे:

१. जगातल्या हरितगृह वायूंपैकी ५१ टक्के जनावरांमुळे.
२. मांस सिगारेटइतकंच घातक, जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय.
३. मांसाहारानंतर रक्त गढूळ होतं, नळीत भरून दाखवलंय.
४. जुळ्या भावंडांवरच्या प्रयोगात आठ आठवड्यांत व्हीगन आहार सरस ठरला.
५. एक किलो मांसाला पंधरा हजार लिटर पाणी लागतं.

आता दोन व्यवहारातले प्रश्न. दोन घरांतल्या कॉलेजच्या मुलांनी दूध-दही एका रात्रीत बंद केलंय, घरचे काळजीत आहेत. आणि गणपतीत शंभर माणसांचा महाप्रसाद यंदा पूर्ण व्हीगन करायचा आग्रह आहे. केटररने बदामाचं दूध आणि टोफू घालून मेनू दिलाय, खर्च गेल्या वर्षीच्या दीडपट. जाणकारांनी नीट सांगावं.

आकडेमोड_नेरूळ

प्रत्येक दाव्याला एकच प्रश्न विचारा: कशाच्या तुलनेत?

५१ टक्के हा आकडा ‘काउस्पिरसी’ (२०१४) या माहितीपटातला. त्याचं मूळ २००९ साली वर्ल्डवॉच संस्थेच्या मासिकात आलेल्या गुडलँड आणि अनहँग यांच्या लेखात आहे. त्यांनी जनावरं श्वासातून सोडतात तो कार्बन डायऑक्साइडसुद्धा हिशेबात धरला. पण जनावर जो कडबा खातं, त्या कडब्याने वाढताना तो कार्बन हवेतूनच घेतलेला असतो. तो परत हवेत गेला तर नवी भर पडत नाही. डिझेल जाळलं की पडते, कारण तो कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा आकडा २००६ साली १८ टक्के होता, २०१३ मध्ये १४.५ टक्के. साडेचौदा टक्के ही काही किरकोळ बाब नाही. म्हणूनच चीड येते: खरा आकडा पुरेसा गंभीर असताना तो साडेतीनपट फुगवायचा कशाला? उद्या कोणी ५१ खोडून काढला की लोक साडेचौदावरही विश्वास ठेवत नाहीत.

सिगारेटचा दावा ‘व्हॉट द हेल्थ’ (२०१७) मधून पसरला. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, हे खरं आहे. त्याच गटात तंबाखूही आहे. पण हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. वीज अंगावर पडून माणूस दगावतो हे पक्कं आहे आणि गाडीखाली येऊन दगावतो हेही पक्कं आहे. म्हणून दोन्ही सारखंच घडतं असं होत नाही. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांचं म्हणणं. हे अठरा टक्के आधीच्या धोक्यावर लावायचे. समजा एखाद्या समाजात आयुष्यभरात शंभरातल्या पाच जणांना हा आजार होतो, तर तो आकडा जवळपास सहावर जाईल. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं याच्या कित्येक पट घट्ट आहे.

आणि ‘प्रक्रिया केलेलं’ म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, हॅम. रविवारचं मटण त्यात येत नाही. ते ‘लाल मांस’ म्हणून 2 ए गटात, म्हणजे ‘बहुधा’ या पायरीवर आहे. कोंबडी आणि मासे या दोन्ही गटांत नाहीत. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये या तिन्ही गोष्टींना नुसतं ‘मांस’ म्हटलंय, घोळ तिथेच झालाय.

गढूळ रक्त ‘द गेम चेंजर्स’ (२०१८) मधलं. स्निग्ध पदार्थ पोटात गेले की काही तास ते रक्तद्रवात तरंगतात आणि तो दुधट दिसतो. स्निग्धांश कुठला आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, भरपूर खोबरेल किंवा शेंगदाणा तेल घातलेल्या जेवणानंतरही हेच दिसेल. दोन जेवणांतलं तेल-तूप समान ठेवून तुलना केली असती तर काही अर्थ होता. या चित्रपटाचे एक कार्यकारी निर्माते जेम्स कॅमेरॉन आहेत, आणि वाटाण्याचं प्रथिन काढणाऱ्या कॅनडातल्या कंपनीत २०१७ पासून त्यांचा पैसा होता. त्यामुळे दावा आपोआप खोटा ठरत नाही, पण पाहणाऱ्याला हे आधी माहीत हवं.

पाण्याचा आकडा गोमांसाचा जागतिक सरासरी आकडा आहे, किलोला सुमारे १५,४०० लिटर. त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी म्हणजे कुरणावर आणि चाऱ्यावर पडलेला पाऊस. जनावर नसतं तरी तो तिथे पडणारच होता. धरणातून किंवा बोअरमधून काढलेलं पाणी वेगळं मोजतात. तुमच्या सोसायटीत जी घरं गोमांस खातच नाहीत त्यांना हा आकडा लावून उपयोग नाही. त्यांच्या ताटात पाण्याचा मोठा वाटा भाताचा निघेल.

जुळ्यांच्या प्रयोगाबद्दल आहारवाल्या कोणी लिहावं. तो या यादीतला सगळ्यात भक्कम दावा आहे, त्याला एका ओळीत उडवू नये.

नौपाडा_आहार

जुळ्यांचा प्रयोग स्टॅनफर्डचा, ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाचा. निष्कर्ष नोव्हेंबर २०२३ मध्ये छापून आले, त्यावरची माहितीपट मालिका जानेवारी २०२४ मध्ये आली. एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्या, एक भावंड व्हीगन, दुसरं मिश्राहारी, दोघांचाही आहार चांगल्या प्रतीचा. पहिले चार आठवडे जेवण घरपोच, पुढचे चार आठवडे स्वतः करून. व्हीगन गटाचं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १३.९ मि.ग्रॅ.ने (दर डेसिलिटर रक्तामागे) जास्त उतरलं. हा फरक खरा आहे. संतृप्त स्निग्धांश कमी आणि तंतू जास्त असले की असंच होतं. वजनही थोडं जास्त उतरलं, पण त्या गटाच्या पोटात उष्मांकही कमी गेले होते.

माझी मुख्य हरकत ‘आठ आठवडे’ या मुदतीला आहे. बी-१२ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात असतो आणि मांस खाणाऱ्या माणसाला तो काही वर्षं पुरतो. आठ आठवड्यांत त्याची तूट दिसणं शक्यच नाही. अमेरिकन माणूस भरलेली टाकी घेऊन व्हीगन होतो. ठाण्यातला पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी मुलगा, ज्याचं बी-१२ दिवसाच्या दोन कप चहातून आणि वाटीभर दह्यातून येत होतं, तो आधीच तळाशी आलेली टाकी घेऊन निघतो आणि तो बारीक नळही बंद करतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून गर्भवती मातांचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालवला, त्यातून आपल्याकडे बी-१२ ची कमतरता किती पसरलेली आहे ते समोर आलं. तीही दूध घेणाऱ्या समाजात. पाश्चात्य माहितीपटात ही गोष्ट येणार नाही, कारण त्यांचा प्रेक्षक तो नाही.

त्या दोन मुलांसाठी करायचं ते असं.

गोळी सुरू करण्याआधी रक्तात बी-१२ तपासा, नंतर तपासलं तर आकडा फुगलेला येतो. मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता, २०० ते ३०० मध्ये शंका. शंका असेल तर होमोसिस्टीनची रक्तचाचणी करून घ्या, बी-१२ कमी असलं की ते वाढतं. नुसत्या हिमोग्लोबिनवर विसंबू नका. डाळी आणि पालेभाज्यांमुळे फोलेट (ब गटातलंच दुसरं जीवनसत्त्व) भरपूर असतं, ते रक्तक्षय झाकून ठेवतं आणि मज्जातंतूंची झीज आतून चालू राहते. पायाला मुंग्या, तळव्याला बधिरपणा, अंधारात तोल जाणं ही लक्षणं त्याची.

प्रौढाची रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास, मग गोळी एवढी मोठी का असं लोक विचारतात. आतड्यातला वाहक एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचलतो, त्यावरच्या मात्रेतला जेमतेम एक टक्का झिरपतो. म्हणून रोज ५० ते १०० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅम असा हिशेब धरतात. तपासणीत कमतरता निघाली तर मात्रा डॉक्टर ठरवतील. स्पिरुलिना, शेवाळ, आंबवलेलं पीठ यांवर भिस्त ठेवू नका. स्पिरुलिनात बहुतांश बी-१२ सारखा दिसणारा पण शरीराला निरुपयोगी पदार्थ असतो. घरातले मोठेही व्हीगन होणार असतील आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तावर वर्षानुवर्षं पँटोप्राझोल घेत असतील, तर बी-१२ चं शोषण आणखी घटतं.

प्रथिनांची धास्ती मात्र उगाच. ६० किलोच्या माणसाला ०.८३ ग्रॅमच्या हिशेबाने ५० ग्रॅम, डाळी-धान्यांचं पचन धरून ६० म्हणा. पोहे ६० ग्रॅम आणि त्यात २० ग्रॅम दाणे: ९. दुपारी तीन पोळ्या आणि ३० ग्रॅम तूरडाळीची आमटी: १६. संध्याकाळी मूठभर फुटाणे: ६. रात्री ज्वारीची भाकरी आणि ४० ग्रॅम (कोरड्या) मटकीची उसळ: १७. झाले ४८. भाजीत २० ग्रॅम सोयाबीन वड्या टाकल्या की आणखी १०. वड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळा, म्हणजे उग्र वास जातो. चूक होते ती ‘वाटीभर वरण’ या मापात. पातळ वरणाच्या वाटीत कधी कधी १५ ग्रॅमसुद्धा डाळ नसते. डाळ कोरडी असताना वजन करा.

कॅल्शियममध्ये खरी तूट पडते. ४०० मि.लि. दूध-दही गेलं की साधारण ४८० मि.ग्रॅ. गेलं. नाचणीच्या दोन भाकऱ्या (६५ ग्रॅम पीठ) सव्वादोनशे देतात, न सोललेल्या तिळाची दोन चमचे चटणी सव्वाशेच्या आसपास. उरलेलं शेवग्याच्या पाल्यातून किंवा टोफूतून. पालक यात धरू नका, त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियम सोडत नाही. टोफू घेताना वेष्टनावर ‘कॅल्शियम सल्फेट’ शब्द शोधा. लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडलेल्या टोफूत कॅल्शियम फारसं नसतं, आणि घरी बहुतेक जण लिंबानेच फाडतात. मीठ आयोडिनयुक्तच ठेवा. दूध-मासे बंद आणि वर सैंधव, म्हणजे आयोडिनचे सगळे रस्ते बंद.

खारघर_सेक्टर१२

मी पूर्ण व्हीगन आहे आणि वर लिहिलेलं जवळपास सगळं मान्य आहे. आमच्या बाजूच्या लोकांनी ५१ टक्क्यांचा मेसेज पुढे ढकलणं थांबवलं पाहिजे.

पण ‘ते अमेरिकेचं, आपलं वेगळं’ म्हणून हात झटकता येणार नाहीत. आपल्याकडे गाय-म्हैस कडबा, पेंड आणि बांधावरच्या गवतावर जगते, तिथल्यासारखी मक्यावर पोसली जात नाही, हे खरं. पण त्यामुळेच तिचं दूध कमी, आणि दर लिटरमागे मिथेन (जनावराच्या पचनातून निघणारा हरितगृह वायू) जास्त. हाही ‘कशाच्या तुलनेत’चाच प्रश्न आहे. एकूण जनावरामागे मोजलं तर आपण बरे दिसतो, लिटरमागे मोजलं तर नाही. २०१८ साली पूअर आणि नेमेसेक यांनी जगभरातल्या शेतांची माहिती एकत्र केली. त्यात लिटरभर गाईच्या दुधामागे सरासरी ३.२ किलो हरितगृह वायू आहेत, सोयाच्या दुधामागे सुमारे १.

आणि तबेल्यातला रेडा. म्हैस दूध देते ती व्यायल्यावर, निम्मी वासरं नर असतात. नांगराला ट्रॅक्टर आला, रेड्याला काम उरलं नाही, त्याला दूध पाजणं तबेलेवाल्याला परवडत नाही. बरीच नर पारडी उपासमारीने मरतात. आकडे ताणायची गरजच नाही. ज्याला हे बघवत नाही त्याने दूध सोडावं, ज्याला चालतं त्याने घ्यावं, पण माहीत असून घ्यावं.

एक व्यवहारातली गोष्ट: हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे. त्यात दूध, तूप, मध सगळं बसतं. २०२२ च्या नियमांनंतर एफएसएसएआयचं (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) व्हीगनसाठी वेगळं हिरवं चिन्ह आहे, इंग्रजी व्ही आणि त्यावर पान. ते नसेल तर घटकांत व्हे, केसिनेट, मिल्क सॉलिड्स शोधा. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या चहाच्या पावडरीतही सोडियम केसिनेट सापडतं, ते दुधातलंच. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांतलं डी-३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीच्या तेलापासून काढतात, आणि कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं.

सानपाडा_पंगत

महाप्रसादाकडे येते. केटररला बदामाचं दूध आणि टोफू आधी काढायला सांगा. आपल्या पंगतीत दूध-तूप फार थोड्या जागी आहे, तेवढंच बदला.

शंभर पानांसाठी: आमटीला तूरडाळ ३ किलो. मसालेभाताला तांदूळ ७ किलो, फोडणी तेलाची, वरचं तूप वेगळ्या वाडग्यात ठेवा, ज्याला हवं तो घेईल. बटाट्याची सुकी भाजी, बटाटा १२ किलो. पुरीला कणीक ८ किलो. कोशिंबिरीत दह्याऐवजी दाण्याचं कूट आणि लिंबू: काकडी ८ किलोला कूट पाऊण किलो. मीठ वाढायच्या दहा मिनिटं आधी घाला, नाहीतर पाणी सुटून कूट खाली बसतं. धान्य-डाळ तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या दाणा मार्केटमधून आणि गूळ-खोबरं मसाला मार्केटमधून आणलं तर गेल्या वर्षीपेक्षा खर्च वाढायचं कारण नाही.

उकडीच्या मोदकात दूध मुळातच नसतं, उकडीत चमचाभर तूप पडतं तेवढंच. एक वाटी पाण्याला एक वाटी पिठी, चिमूट मीठ, तुपाऐवजी एक चमचा तेल. सारणाला दोन वाट्या ओलं खोबरं, एक वाटी गूळ. तेलाची उकड लवकर सुकते, म्हणून मळताना हात तेलाऐवजी पाण्याने ओला करा आणि गोळा ओल्या फडक्याखाली ठेवा. कळ्या फाटतात त्या सुकल्यामुळे, तूप नसल्यामुळे नाही.

खीर हवीच असेल तर नारळाच्या दुधाची करा. तांदळाची कणी दुसऱ्या-तिसऱ्या (पातळ) रसात शिजवा, गॅस बंद करा, गूळ विरघळवून घाला, किंचित निवू द्या आणि मग पहिला दाट रस. दाट रस घालून उकळी आणली की फुटतो, वर तेल आणि खाली चोथा. शंभर वाट्यांना मोठे नारळ २५ धरा. सोलकढीचंही तेच: नारळाचा रस वेगळा, आगळ वेगळं, एकत्र करायचं ते पंगत बसल्यावर. आधी कालवून ठेवली तर तासाभरात पाणी खाली, साय वर.

घोडबंदर_बी_विंग

मनापासून आभार सगळ्यांचे. सानपाडाताई, मेनू तसाच समितीपुढे ठेवतो. एकच राहिलं: स्वयंसेवकांच्या चहाचं काय? सोयाचं दूध घालून बघितलेल्या सगळ्यांची तक्रार एकच, फाटतं.

सानपाडा_पंगत

फाटतं कारण कोरा चहा थोडा आंबट असतो आणि सोयाचं प्रथिन आंबटपणा आणि उकळी एकत्र आले की गोठतं. उकळत्या चहात थंड दूध ओतलं की हमखास. उलटं करा. दूध वेगळं गरम करा, उकळी येऊ न देता. चहा गाळून दोन मिनिटं निवू द्या आणि तो दुधात बारीक धारेने ओता, ढवळत. नंतर परत गॅसवर ठेवायचा नाही. गवती चहा आणि वेलची चालते. आलं घालायचं तर पाण्यात आधी पाच मिनिटं खळखळून उकळा, कच्चं किसून वरून टाकू नका.

दूध घरी करायचं असेल तर १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा, सालं काढा, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका आणि मगच वाटा. कच्चं वाटलं की तो कडधान्याचा उग्र वास येतो, तो नंतर जात नाही. ८०० मि.लि. पाण्यात वाटून गाळा आणि गाळलेलं दूध मंद आचेवर निदान दहा-पंधरा मिनिटं उकळा. ही उकळी चुकवू नका, कच्च्या सोयाबीनमधला प्रथिनं पचू न देणारा घटक तिनेच निकामी होतो. भांडं मोठं घ्या, फेस झपाट्याने वर येतो. शंभर कपांना प्रत्येकी ६० मि.लि. धरलं तर सहा लिटर दूध, म्हणजे पाऊण किलो सोयाबीन. आदल्या रात्री भिजत घाला.